सुनेचं ताट आधी

आमच्या इमारतीखाली इस्त्री करणाऱ्या मावशींना मी तसा फारसा ओळखत नव्हतो. त्यांची पहिली दोन बाळं अंग न धरताच गेली होती. त्या गरोदरपणांत त्या सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं जेवत, असं त्यांनीच एकदा सांगितलं. सून गरोदर राहिली, तशी त्यांनी धास्तीने घरातली रीतच उलटी केली. दुपारी इस्त्रीच्या टेबलापाशी डबा उघडला की पहिलं ताट सुनेचं.

"आई, मलाही भूक लागलीय," मुलगा कुरकुरला.

"तुझ्या पोटात कोण वाढतंय रे? ढेरीच ना? बस गप!"

नात झाली, चांगली गुटगुटीत. पुढे मावशींचं कुटुंब ती जागा सोडून गेलं, त्याच्या आदल्या दुपारी मी शर्ट आणायला गेलो.

"काका, थांबा जरा. शर्ट सुनेकडे आहे, ती जेवतेय," मावशी म्हणाल्या.

"जेवू द्या सावकाश," मी म्हणालो.