मिस्टर गेल्यावर

ती गेली तेव्हा तिचा भाऊ शिरवण्याहून आला आणि हॉस्पिटलच्या दारातच मला म्हणाला, "तुमी दमल्या असाल, घरी जावा. आता घरची मानसं हायेत." बारा वर्षं आम्ही करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये एका पलंगावर झोपलो होतो. सोसायटीसाठी मी तिची रूममेट होते, त्याच्यासाठी तर तेवढीही नाही. आणि मी मुकाट घरी गेले! मला त्याचा राग येतो, पण माझा त्याहून जास्त येतो.

दीड महिन्यात माझं जेवण सुटलं. कामाच्या ठिकाणी, लॅबमध्ये, हातातून काचेची भांडी पडायला लागली, तेव्हा साहेबांनी रजेवर पाठवलं. मग मी पनवेलमध्ये एक समुपदेशक बाई शोधल्या. केमिस्टच्या दुकानावर छोटीशी खोली, भिंतीला फिकट निळा रंग. आधी फॉर्म भरायचा होता. विवाहित, अविवाहित, विधवा, घटस्फोटित. मी विधवावर खूण केली. त्या दीड महिन्यात मी केलेली ती एकमेव खरी गोष्ट होती.

बाईंनी फॉर्म पाहिला आणि फार मायेने विचारलं, "मिस्टर कधी गेले?"

मी तारीख सांगितली. काय करणार? इतक्या मायेने मला तोवर कुणीच काही विचारलं नव्हतं.

मग दर शनिवारी मी जाऊन मिस्टरांबद्दल बोलू लागले. मी चांगलीच थापाडी निघाले. तिच्या कुर्त्यांचे शर्ट झाले. रविवारी मी तिच्या केसांना मेंदी लावायचे, तिथे मिस्टरांच्या मिशीला कलप लागला. जिला मी बारा वर्षं "ए बाई" म्हणून हाक मारली, तिला तिथे अहो-जाहो करू लागले. पण रडणं खरं होतं. बाई टिश्यूचा डबा पुढे सरकवायच्या, म्हणायच्या, "बारा वर्षांचा संसार आहे, वेळ लागणारच." मी हमसाहमशी रडायचे आणि घरी येऊन वरणभात जेवायचे. खरं सांगायचं तर त्या खोटेपणानेच मला जगवलं.

सहाव्या शनिवारी बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी मिस्टरांचा फोटो घेऊन या. त्यांच्याशी बोलायचा प्रयत्न करू."

आठवडाभर मी घरातले फोटो चाळत होते. एकदा वाटलं, माझ्या भाच्याचा फोटो मिस्टर म्हणून न्यावा. पण सहा वेळा आपल्यासोबत बसलेली बाई आहे, तिला आता खरं पेलेल, असंही वाटत होतं. मी खारघरच्या टेकडीवरचा आमचा दोघींचा फोटो नेला.

"या कोण? नणंद का?" बाईंनी विचारलं.

"हेच," मी म्हणाले. "हेच माझे मिस्टर."

त्यांनी ओरडायला हवं होतं, म्हणजे मलाही ओरडता आलं असतं. त्या नुसत्या हसल्या, पाहुण्यांसमोर हसतात तशा. टिश्यूचा डबा होता तिथेच राहिला. म्हणाल्या, "मैत्रीण गेल्याचंही दुःख असतंच. पण तुमचं वय काही फार नाही, अजून लग्नाचा विचार करता येईल." मग त्यांनी माझी फाइल उघडली, विधवावरची खूण खोडली आणि अविवाहितवर केली. माझ्यादेखत. नीट, पट्टी लावल्यासारखी सरळ रेघ मारून. तिच्या भावाने मला दारातून परत पाठवलं होतं, या बाईंनी बारा वर्षांतूनच काढून टाकलं.

त्यानंतर आमच्यासारख्यांना समजून घेणाऱ्या समुपदेशकांची एक यादी कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. एकीकडे नवीन माणूस घेत नव्हते. दुसरीने फोनच उचलला नाही. तिसरी छान होती, पण तिचं सगळं इंग्रजीत, आणि मला रडायला मराठी लागतं. चौथीने चार महिने थांबायला सांगितलं. मी थांबले. नुसती भिंतीकडे बघत बसायचे. तिची उशी कपाटात टाकली, पुन्हा काढली.

अखेर नंबर लागला. व्हिडिओ कॉलवर एक तरुण मुलगी आली, माझ्याहून वीस वर्षांनी तरी लहान. माझं सगळं ऐकून घेतलं आणि सहज म्हणाली, "तुमच्या बायकोबद्दल सांगा ना. कशी होती ती?"

तुमची बायको! हे शब्द आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी तोंडून ऐकले. यासाठीच तर एवढी वणवण केली होती.

मी सांगितलं. तिचं वय, तिची नोकरी, तिला कुठला त्रास होता, ती कधी गेली. बँकेत माहिती देतात तसं पाऊण तास सांगत राहिले. मुलगी हळूच म्हणाली, "रडावंसं वाटलं तर रडा, घाई नाही."

मी वाट पाहिली. तीही पाहत होती. डोळे कोरडेठाक. जेवढं रडायचं होतं तेवढं मी त्या निळ्या खोलीत, कधी जन्मालाच न आलेल्या एका मिशीवाल्या माणसासाठी रडून बसले होते. जी खरंच गेली, तिच्यासाठी काहीच उरलं नव्हतं.