गाडीच्या आधी शिवलेली कव्हरं

बाजाराच्या मागच्या गल्लीत, टायरवाला आणि बॅटरीवाला यांच्या मधोमध मास्तरांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक शटर, एक जाडजूड शिलाई मशीन, भिंतीला टेकवलेले रेक्झिनचे गुंडाळे आणि फुटपाथवर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येणाऱ्या, गाड्यांमधून काढून ठेवलेल्या सीटा. गाड्यांची कव्हरं शिवण्यात मास्तरांचा हात धरणारं त्या भागात कोणी नव्हतं. गाडी मोडीत निघाली तरी टाका उसवत नाही, अशी ख्याती. स्वतः मात्र सायकलवरून यायचे आणि सायकलवरूनच जायचे. टायरवाला दिवसातून एकदा तरी म्हणणारच, "मास्तर, गावातल्या निम्म्या गाड्यांत बसून झालं असेल तुमचं. फक्त एकही चालू नव्हती!"

मास्तर दातांत धरलेला दोरा काढून हसायचे. "माझी येऊ दे, पहिली फेरी तुला."

"तोवर मी टिकलो पाहिजे ना!"

गाडीचं मनात आलं ते आप्पांच्या पायामुळे. आप्पा म्हणजे मास्तरांचे सासरे, निवृत्त पोस्टमन. जन्मभर दारोदार चालले आणि एका सकाळी न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडून बसले. बायको आधीच गेलेली. मुलगी एकच, तीही इतकी लांब दिलेली, की बस दोनदा बदलावी लागे. ती वर्षातून एकदा जाऊन चार दिवस राहून येई. आप्पांना मात्र बसच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. एकदा मास्तरांनी भाड्याची गाडी पाठवली. आप्पांना थोड्या थोड्या वेळानं उतरून पाय मोकळा करावा लागे. तिसऱ्यांदा उतरले तेव्हा ड्रायव्हर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. आप्पांनी ते ऐकलं आणि अर्ध्या वाटेवरून गाडी माघारी फिरवायला लावली. भाडं पूर्ण दिलं, वर त्याला चहा पाजला.

"जावईबापू, परक्याच्या घड्याळावर मला नाही हो बसता येत," ते संध्याकाळी फोनवर म्हणाले. "तुमची गाडी होईल तेव्हा येईन."

"मग माझ्याच गाडीतून आणतो, आप्पा. शब्द माझा."

शेजारी उभ्या असलेल्या बायकोचा चेहरा त्या एका वाक्यानं इतका उजळला, की आपण काय बोलून बसलो याची मास्तरांना धास्तीच वाटली. तिचं मागणं फार मोठं नव्हतं. बापानं एकदा आपल्या घरी यावं, चार महिने राहावं, आपल्या हातचं गरम जेवावं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आप्पांनी लेकीचं घर पाहिलंच नव्हतं. आधी नोकरी, मग आईचं अंथरूण, मग हा पाय.

दुसऱ्याच दिवशी ती वर्तमानपत्रातली जाहिरात कापून घेऊन आली. "अहो, बघा तरी. थोडे आधी भरायचे, बाकी हप्त्यानं. पुढच्या महिन्यात गाडी दारात."

"बँकेची गाडी दारात. आपली नव्हे."

"चालवणार तुम्हीच ना? का मॅनेजर येणार आहे चालवायला?"

"अगं, व्याज बघ किती जातं. एका गाडीला सव्वा गाडीचे पैसे."

"जाईनात का. आपण भाड्याच्या घरात राहतोच की. स्वतःचं होईपर्यंत रस्त्यावर थांबलो होतो का?"

याला मास्तरांकडे उत्तर होतं, पण बायकोला सांगावं असं नव्हतं.

फार मागची गोष्ट. गल्लीच्या तोंडाशी स्टुडिओ असलेल्या एका फोटोवाल्यानं हप्त्यावर गाडी घेतली होती आणि कव्हरं घालायला मास्तरांकडे आणली होती. मास्तरांनी सीटा काढून आत घेतल्या. गाडी बाहेर रिकामी उभी होती. तेवढ्यात थकलेल्या हप्त्यांसाठी बँकेची दोन माणसं आली. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. कागद दाखवला आणि किल्ली मागितली.

"सीटा तरी बसवून देऊ द्या हो," मास्तर म्हणाले.

"आम्हाला गाडी न्यायचीय, सोफा नाही," त्यातला एक म्हणाला. त्यानं टायरवाल्याकडचा रंगाचा रिकामा डबा गाडीत उपडा घातला, त्यावर बूड टेकलं आणि सगळ्या बाजारादेखत गाडी घेऊन गेला. फोटोवाला डोकं टेकायची उशी हातात धरून बघत राहिला. त्या सीटा मग दुकानातच राहिल्या. फोटोवाला अधूनमधून यायचा, भिंतीशी ठेवलेल्या मागच्या लांब सीटवर बसून चहा प्यायचा आणि उठून जायचा. पुढे यायचाच बंद झाला.

आप्पा आपल्या शेजारी पुढच्या सीटवर बसलेत आणि कोणीतरी खिडकीतून हात घालून किल्ली मागतंय, हे चित्र काही केल्या मास्तरांच्या डोळ्यांपुढून हलेना. "माझ्या गाडीला कोणाचा हात लागता कामा नये," एवढंच ते बायकोला म्हणाले. "सगळे साठवू, मगच घेऊ."

ती म्हणाली, "बरं. पण लवकर."

आणि पदर खोचून कामाला लागली. गाड्यांच्या उशांची कव्हरं ती घरी शिवू लागली. पडद्याचं विटलेलं कापड उलटं करून पुन्हा लावलं. चष्म्याची तुटलेली काडी दोऱ्यानं बांधून कितीतरी दिवस काढले. मास्तर म्हणाले, नवीन घे, तर म्हणाली, "दिसतंय ना मला? मग झालं तर."

मास्तरांनी मॉडेल मनाशी पक्कं केलं. रुंद दारांचं, बसायला सोपं. त्याच मॉडेलची गाडी घेऊन एक गिऱ्हाईक आलं, त्या दिवशी त्यांनी मापं दोनदा घेतली. एक गिऱ्हाइकाचं, एक स्वतःचं. गल्लीत सगळे रेक्झिन शिवायचे. आप्पांना घाम येईल म्हणून मास्तरांनी जाडसर तपकिरी कापड आणलं. पुढच्या डाव्या सीटला आतून जास्तीचा फोम दिला, म्हणजे खुबा फार दुमडायला नको, आणि कडेला धरून उठायला एक पट्टा. आठवडाभर गिऱ्हाइकांना "उद्या या" सांगून ते कव्हरं शिवत बसले. घरी नेऊन दाखवली, तर बायको हसून हसून खाली बसली. "अहो, लोक गाडीला कव्हर घालतात. तुम्ही कव्हराला गाडी घालणार!"

चादरीत बांधून कव्हरं माळ्यावर गेली.

आप्पांचा दर रविवारी फोन यायचा. "काय जावईबापू, चाकं तरी आली का?"

"दोन आलीत, आप्पा. दोन राहिलीत."

पण दर वर्षी गाडीची किंमत वाढे आणि आलेलं एखादं चाक परत जाई. मग मास्तरांचा आवाज पडे. आप्पाच समजूत घालत. "असू द्या, असू द्या. मी कुठं पळून चाललोय? पळायला पाय आहे का मला?"

एकदा इस्पितळातल्या सिस्टर कव्हरं बदलायला आल्या. जुनं गिऱ्हाईक. "सुटले बाई एकदाची! शेवटचा हप्ता भरला काल. गाडी माझी झाली, तोवर तिचा पार खटारा झाला."

"म्हणूनच मी म्हणत असतो, सिस्टर..."

"पण आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला याच गाडीतून नेलं हो. नाहीतर काय केलं असतं मी?" त्यांनी मागच्या सीटवर एका जागी हात ठेवला. फोम तिथं वाटीसारखा दबला होता. "एवढं मात्र भरू नका. कव्हर नवं घाला, पण खळगा राहू दे. तिची जागा आहे ती. गेल्या वर्षी गेली."

मास्तरांनी तो खळगा तसाच ठेवून वरून कव्हर चढवलं. हाताखालून शेकडो सीटा गेल्या होत्या, पण खराब जागा जपून ठेवायची वेळ पहिलीच. घरी आल्यावर हातपाय न धुताच म्हणाले, "उद्या बँकेत जाऊन येऊ का?"

बायकोच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. "मी येऊ बरोबर?"

"नको. मी बघतो."

ते गेले. मऊ बोलणाऱ्या मुलीनं पाणी दिलं आणि कागद पुढे केले. मास्तर सावकाश वाचत गेले. हप्ता थकल्यास वाहन ताब्यात घेण्याचा अधिकार, इथं येऊन बोट थांबलं. रंगाच्या डब्यावर बसलेला तो माणूस त्यांना स्पष्ट दिसला. "घरी विचारून येतो," असं म्हणून ते उठले. घरी येऊन म्हणाले, "आता थोडेच तर राहिलेत. वर्षभराचा प्रश्न."

"बरं," ती म्हणाली. या खेपेला त्यापुढे 'पण लवकर' नव्हतं.

वर्षाची दोन झाली. मधेच कंपनीनं मॉडेल बदललं. नव्या गाडीच्या सीटला कडेनं एअरबॅग आली. जुन्या मापाचं कव्हर तिच्यावर चढणार नाही, हे पहिली गाडी दुकानात आली तेव्हाच मास्तरांना कळलं. घरी ते बोलले नाहीत. माळ्यावरचं गाठोडं माळ्यावरच राहिलं.

शेवटी सगळे पैसे जमले. शोरूममधला पोरगेला सेल्समन चक्रावलाच. "काका, फुल पेमेंट? अहो, लोन करा, पैसे बँकेत राहू द्या. आजकाल असं कोणी घेत नाही."

"मी घेतो," मास्तर ताठ मानेनं म्हणाले. "सगळी आपली पाहिजे."

गाडी पंधरवड्यानं मिळणार होती. त्यांनी तिथूनच फोन लावला. "आप्पा, चारही आली!"

"आणि बँकेचं एकही नाही ना त्यात?"

"एकही नाही."

आप्पा खोकला येईपर्यंत हसले. "बरोबर केलंत, जावईबापू. आता या सावकाश. मी कपडे धुऊन ठेवतो."

गाडी हातात यायला दोन दिवस उरले असताना शेजारच्या काकूंचा फोन आला. आप्पांच्या छातीत दुखायला लागलं होतं, त्यांना मोठ्या इस्पितळात हलवलं होतं. मास्तर आणि बायको दोनदा बस बदलून थेट इस्पितळात पोहोचले तेव्हा पलंग रिकामा होता आणि नर्स चादर बदलत होती. अंत्यसंस्कार तिथंच आटोपले. आप्पांच्या घराकडे जायचं तिच्यानं होईना. काकूंनी किल्ली तिच्या मुठीत ठेवली आणि दोघं आल्या पावली परतले.

शोरूमवाल्यांना यातलं काय ठाऊक? त्यांनी गाडीला रिबीन बांधली होती, पुठ्ठ्याची हातभर किल्ली दोघांच्या हातात दिली आणि फोटो काढला. "काकू, हसा की जरा! नवी गाडी आहे!" ती हसली. दात दिसण्याइतकं हसली. मास्तरांना ते बघवलं नाही.

गाडी परत घेता का, असं त्यांनी हळूच विचारूनही पाहिलं होतं. सेल्समनला वाटलं, काका थट्टा करताहेत.

महिन्याभरानं आप्पांचं घर आवरायला दोघं निघाले. मास्तरांनी पुढचं दार उघडून धरलं, पण ती मागे जाऊन बसली.

"पुढे ये ना."

"इथं बरी आहे."

वाटेत मास्तर आपसूकच थोड्या थोड्या वेळानं गाडी थांबवत होते. तीही का म्हणून विचारत नव्हती.

आप्पांच्या घरासमोर त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला लावली. त्यांच्या आठवणीत आत गाडी जायला वाट नव्हतीच. अरुंद फाटक, मग दगडी पायऱ्या, मधोमध लिंबाचं झाड. दोघं उतरले आणि बघतच राहिले. ते फाटक आता नव्हतं. भिंत दोन्ही अंगांनी फोडून रुंद केली होती. पायऱ्यांच्या जागी सिमेंटचा नवाकोरा उतार थेट उंबऱ्यापर्यंत गेला होता. झाड पार जमिनीलगत कापलेलं होतं.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "आलात? तुम्हाला बोलले नव्हते वाटतं ते? तुमचा गाडी घेतल्याचा फोन आला ना, दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला. दिवसभर खुर्ची टाकून त्याच्या डोक्यावर बसायचे. गाडी दाराशी लागली पाहिजे, म्हणायचे, मला रस्त्यापर्यंत चालवत नाही."

"आधी कधी बोलले नाहीत," ती म्हणाली.

"आधीपासूनच करायचं होतं गं त्यांना. पण म्हणायचे, पोरीच्या नजरेला पडलं तर ती मास्तरांच्या मागे लागेल, आणि तो बिचारा कर्ज काढून बसेल. त्याला त्याच्या मनासारखी घेऊ दे." काकूंनी डोळ्याला पदर लावला. "एका अर्थी बरंच झालं म्हणा. अँब्युलन्स थेट दाराशी लागली. स्ट्रेचर उचलायला काही त्रास झाला नाही."

मास्तरांनी भिंतीला हात टेकला. सिमेंटची भुकटी तळव्याला लागली, ती ते कितीतरी वेळ पँटला पुसत राहिले. बायको झाडाच्या बुंध्याशी जाऊन उभी होती.

"हे आईनं लावलं होतं," ती म्हणाली. मग वळली. "गाडी आत घ्या."

"अगं, राहू दे. रस्त्यावरच..."

"आत घ्या म्हणते ना. एवढं केलंय त्यांनी."

मास्तर गाडीत बसले. उतार चांगला जमला होता, कुठंही गचका बसला नाही. गाडी डाव्या अंगानं उंबऱ्याला लागली. डावं दार उघडलं असतं तर घरातल्या माणसाला एक पाऊलच टाकायचं होतं. ते स्टिअरिंगवर हात ठेवून, समोर बघत, तसेच बसून राहिले. तिनं कुलूप काढलं, दाराच्या दोन्ही फळ्या लोटल्या आणि आतल्या अंधारात पाय टाकला.

"इंजिन बंद करा," आतून आवाज आला. "धूर येतोय घरात."