झिजलेली चप्पल

बाबांना नव्या चपला आणल्या, म्हणून घरात घालायच्या जुन्या दाराशी काढून ठेवल्या आहेत. डावीचं पुढचं टोक झिजून पातळ झालंय, टाच मात्र नव्यासारखी. पक्षाघातानंतर त्यांची डावी पोटरी इतकी ताठरली होती, की टाच जमिनीला लागतच नसे. चवड्यावर पाय ओढत चालायचे. त्या फरफटीवरून आईला स्वयंपाकघरात कळायचं, आता खिडकीशी आहेत, आता मोरीकडे निघाले.

मग डॉक्टरांनी पोटरीत इंजेक्शन दिलं. म्हणाले, "यानं स्नायू सैल होईल, पण ताणून घ्यायचं काम तुमचं." आई रोज त्यांच्या पावलाला टॉवेल अडकवून ओढते. बाबा कळवळतात, ती सोडत नाही. हळूहळू टाच टेकायला लागली.

आजार घरात असा मुरतो, की तो हटला तरी आपण त्याचीच चाहूल घेत बसतो.

काल आई पोळ्या करत होती. बराच वेळ फरफट ऐकू आली नाही, तशी ती लाटणं हातात धरून घाबरून ओरडली, "अहो, कुठे आहात?"

"इथंच, तुझ्या मागं," बाबा म्हणाले. "पोळी करपतेय."