कुणीच न ऐकलेलं गाणं

आमच्या झाशीच्या मराठी मंडळींत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी एक खेळ चालतो. छावणीतल्या कुणाच्या तरी बंगल्यात जमायचं आणि प्रत्येकानं एक जुनं गाणं आणायचं, असं की जे बाकी कुणी ऐकलेलं नसेल. गाणं संपलं की ज्यानं ते आधी ऐकलं असेल त्यानं हात वर करायचा. एक जरी हात वर झाला तरी गाणं बाद, आणि पुढच्या वेळचा चिवडा बाद झालेल्याच्या घरून. हा नियम कर्नलसाहेबांच्या बायकोचा. फौजी घरातली बाई, सवलत कुणाला नाही.

सलग सात महिने चिवडा आमच्या घरचा होता. शेवटी बायको म्हणाली, "आता पोहे तुम्हीच भाजा. मला काही तुमच्या गाण्यांची हौस नाही."

तिचंही खरं होतं. पण माझी अडचण कुणी समजूनच घेत नाही. आम्ही इथले जुने. पणजोबांच्या पणजोबांपासून इथेच. शाळा हिंदी, बाजार हिंदी, आणि भांडायचं म्हटलं तर आजही मला हिंदीच सुचतं. मराठी फक्त घराच्या आत. त्यामुळे कुठली मराठी गाणी तिकडे महाराष्ट्रात गल्लोगल्ली वाजतात आणि कुठली कुणाला ठाऊक नाहीत, हे मला कळावं कसं? मी मोठ्या ऐटीत एखादी जुनी कॅसेट काढायचो आणि जवळच्या बाबिना छावणीतून आलेले साताऱ्याचे सुभेदार हात वर करून म्हणायचे, "काका, हे तर आमच्याकडं दूधवाल्याच्या मोबाईलवर वाजतंय." वर त्यांच्या मिसेस कौतुकानं म्हणणार, "तुमचं मराठी किती गोड आहे हो!" गोड! साठीच्या माणसाला! अस्सा राग येतो म्हणून सांगू.

आठव्या महिन्यात मात्र मी हुकमाचा पत्ता काढायचं ठरवलं. तो होता बाबांकडे.

माझे वडील शहाऐंशी वर्षांचे. त्यांचा जुना रेकॉर्ड प्लेअर आणि एक छोटी रेकॉर्ड, जिचा मधला कागद वाळवीनं खाल्लेला. गाणं कुठलं, गाणारा कोण, काही पत्ता नाही. माझ्या लहानपणापासून रोज संध्याकाळी आई आणि बाबा ती लावून बसायचे. खर्जातला, जड, दुःखी आवाज. कुणी बुवा गाडीवानाला सांगतोय की गाडी हाक, जत्रा संपायला आली. एवढं गंभीर गाणं मी दुसरं ऐकलेलं नाही. गाडी म्हणजे देह, गाडीवान म्हणजे काळ, जत्रा म्हणजे संसार, हे मी कॉलेजातच ओळखलं होतं.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर बाबांनी ती रेकॉर्ड लावली नाही आणि घराबाहेरही पाऊल टाकलं नाही. डॉक्टर म्हणाले, चार माणसांत न्या. आम्ही गयावया केली, रागावलो, नातवंडांना पुढे केलं. बाबा ढिम्म हलले नाहीत. त्या रविवारसाठी मी रेकॉर्ड मागितली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

"मशीनला कुणी हात लावायचा नाही. मी स्वतः येतो," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "कुणीच ऐकलेलं नसेल ना रे?"

"शक्यच नाही, बाबा."

"बघ हं. ते आमच्या दोघांचं आहे. कुणी हात वर करून हसलं, तर मला पुन्हा कुठे चल म्हणू नकोस."

झालं! आता चिवड्याचं कुणाला पडलं होतं? एक हात वर झाला की बाबा पुन्हा आपल्या खोलीत जाणार आणि या खेपेला बाहेर येणार नाहीत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. रिक्षात मशीन मांडीवर घेऊन मी देवाचं नाव घेत होतो.

बंगल्यात वीसेक माणसं होती. बाबांना मधोमध खुर्ची दिली. मी उभा राहून प्रास्ताविक केलं. जरा लांबलं. अज्ञात गायकाचा खर्ज, त्याचं वैराग्य, बहुधा बायको-मुलं सोडून निघालेला माणूस असावा वगैरे. बाबा माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी सुई ठेवली.

गाणं संपेपर्यंत कुणी खोकलंसुद्धा नाही. कर्नलसाहेबांच्या बायकोनं सगळीकडे पाहिलं. एकही हात नाही! सुभेदारांनी कान खाजवला, कपाळाला आठ्या घातल्या, पण हात खालीच. मला तर नाचावंसं वाटलं. बाबांच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत पहिल्यांदा हसू आलं आणि माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात एका कॅप्टनची बायको, पुण्याहून नवीनच आलेली पोर, मशीनजवळ उकिडवी बसली. "आजोबा, माझ्या मामांकडे असल्या रेकॉर्ड आहेत. ही छोटी आहे ना, ही तेहतीसच्या वेगावर नसते लावायची, फार सावकाश होतं. ही पंचेचाळीसची."

मी "अगं थांब" म्हणेपर्यंत बयेनं वेगाचा खटका सरकवून सुई ठेवलीसुद्धा.

बुवांची बाई झाली. चांगली विशीतली, खट्याळ पोरगी, आणि काय तो वेग! गाडीवाल्या, हाण बैल, जत्रा संपायला आली, बांगड्या भरायच्या राहिल्या. काळ नाही, देह नाही, वैराग्य तर औषधालाही नाही. आणि त्याच क्षणी सुभेदार ताडकन उठले.

"अरे! ही तर लेझीमची चाल!" दोन्ही हात पुढे, एक पाय वर, आणि त्यांनी तिथल्या तिथे सहा ठेके घेतले. "शाळेत बँडवर वाजायची, पंधरा ऑगस्टला! ह्याला शब्द आहेत होय?"

मग काय, सांगलीचा उठला, नगरची उठली. मध्ये बसलेल्या शहाऐंशी वर्षांच्या माणसाभोवती अर्धा बंगला लेझीम खेळायला लागला. लेझिमा नव्हत्या म्हणून कुणी चमचे घेतले. गाणं संपलं आणि हसत, धापा टाकत एकेकानं हात वर केला. मोजायची गरजच नव्हती.

मी बाबांकडे बघायचं टाळत होतो. बघितलं तर ते मांडीवर हात ठेवून खाली मान घालून बसलेले. "मशीन बिघडलंय," मी ओरडलो. "जुनं आहे ते. काहीही वाजवतं!"

"बिघडलेलं नाही," बाबा म्हणाले. "पंचेचाळीसचीच आहे ती. मला ठाऊक आहे."

एकाचा चमचा हातातून पडला.

"याची आई इथल्याच टहरौली गावची, बुंदेली बोलणारी," बाबा त्या कॅप्टनच्या बायकोला सांगू लागले. "लग्न होऊन आली तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता. घरात सगळे भरभर बोलायचे, ती कोपऱ्यात नुसती बघत राहायची. ही रेकॉर्ड लावली तरी तेच. मग एक दिवस मी खटका तेहतीसवर केला. म्हटलं, सावकाश ऐक. रोज एक ओळ. मराठी ती या गाण्यावरच शिकली."

"मग नंतर नीट का नाही लावलंत?" त्या पोरीनं विचारलं.

"लावलं की. सगळं यायला लागल्यावर लावलं. तर म्हणाली, जा काए भग रई? हमें नईं सुननें. ही पळतेय कशाला, मला नाही ऐकायचं!" बाबा हसले. "मग परत तेहतीस. पंचावन्न वर्षं."

मला बोलल्याशिवाय राहवेना. "बाबा, निदान मला तरी सांगायचं होतं! मी इथे त्या बुवाचं वैराग्य..."

"तू विचारलंस कधी? तू आपला त्याला बायको-मुलं सोडायला लावत होतास."

हशा पिकला. मीही हसलो, काय करणार? पण हात अजून वरच होते. खाली घ्यायचे की नाही, हे कुणालाच कळत नव्हतं, आणि नियम काढणारी बाई पदरानं डोळे पुसत होती.

कॅप्टनच्या बायकोनं खटक्यावर बोट ठेवलं. "आजोबा, पुन्हा लावू? सावकाश?"

"लाव," बाबा म्हणाले. त्यांनी सगळ्या खोलीवरून नजर फिरवली. "पण आधी हात खाली करा सगळ्यांनी. हे तुम्ही कुणी ऐकलेलं नाही."