थांबलेलं लाटणं

आमच्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रात एक मावशी पोळ्या लाटतात आणि शेजारी त्यांची सून त्या भाजते. काल माझ्या पोळ्या होईपर्यंत बघत उभा होतो, तर मावशींचं लाटणं मध्येच थांबलं. परातीत कणकेचे गोळे तयार होते, तरी त्या नुसत्याच बसून राहिल्या.

"दमलात का मावशी?" मी विचारलं.

"दमायला काय झालं? तवा भरलाय तिचा. आत्ता लाटून ठेवली तर सुकेल, मग फुगायची नाही."

मी सगळी नोकरी कारखान्यात काढली. तिथे हात रिकामा दिसला की साहेब ओरडायचे, म्हणून पुढच्या मशीनला हवे असोत वा नसोत, आम्ही पार्ट काढतच राहायचो. मागच्या शेडमध्ये ते गंजत पडायचे. त्याला आम्ही मेहनत म्हणायचो. थांबायचं कधी, हे या बाईंना कुणी शिकवलं असेल? आणि माझ्या हातचे किती पार्ट कुणाच्या उपयोगी पडले असतील?

सुनेने फुगलेली पोळी तव्यावरून उतरवली. मग मावशींनी पुढचा गोळा उचलला. तो माझ्या पोळीचा होता.