पूल ओलांडताना कुणी काही विचारलं नाही

"किडन्या नाहीत, बाबा," एवढंच ती म्हणाली आणि पडद्यावर तिचं तोंड दिसेनासं झालं. फोन गादीवर पालथा टाकला असावा. रडण्याचा आवाज येत होता.

मी तेव्हा जर्मनीत ऱ्युसेल्सहाइमला होतो, राहुलच्या घरी. राहुल माझा मुलगा, मोटारीच्या कारखान्यात इंजिनीअर आहे. फोनवर होती ती माझी लेक. घरात सगळे तिला ताई म्हणतात, मीही ताईच म्हणतो. ती आणि जावई अमेरिकेत असतात. त्यांच्या राज्याचं नाव मी लिहीत नाही. ताईच म्हणाली, "सगळं लिहा बाबा, राज्य तेवढं नको."

आमची ही मागच्या वर्षी गेली. पोरांचा असा फोन आला की मी तो तिच्या हातात द्यायचो. त्या दिवशीही मी फोन धरलेला हात बाजूला लांब केला होता.

ताईला पाचवा महिना होता. त्या महिन्यात एक मोठी सोनोग्राफी होते. तिला ॲनॉमली स्कॅन म्हणतात. बाळाचा एकेक अवयव त्यात बघतात. त्यातून निघालं ते 'बायलॅटरल रीनल एजेनेसिस', म्हणजे बाळाला दोन्ही किडन्या झाल्याच नाहीत. बाळाभोवती जे पाणी असतं ते बहुतेक बाळाच्या लघवीचंच असतं, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं. किडनी नाही म्हणून पाणी नाही. पाणी नाही म्हणून फुप्फुस वाढत नाही. पोटात आहे तोवर जीव आहे. बाहेर आलं की श्वास घेता येणार नाही.

तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मार्ग आहे, पण या राज्यात नाही. मला याहून जास्त बोलता येत नाही." ताई सांगते, बोलताना त्या दाराकडे बघत होत्या.

त्या राज्यात गर्भपाताला बंदी आहे. आईचा जीव जायला आला तर करतात, पण तो जायला आलाय हे आधी डॉक्टरनं दाखवायचं. शेजारच्या राज्यातही तसंच. शिवाय तिकडं काही भागांत असा नियम केलाय, की आमच्या रस्त्यावरून कुणी एखाद्या बाईला या कामासाठी राज्याबाहेर नेलं तर नेणाऱ्यावर लोकांनी दावा लावावा. बाईवर नाही, नेणाऱ्यावर. जावयानं वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, बहुतेक काही होणार नाही, पण खात्री देत नाही. जावई कामाच्या व्हिसावर. त्याला 'बहुतेक' पुरेना.

मी सातवी नापास. बांधकाम खात्यात मैलकुली होतो. रस्त्याचा नेमून दिलेला तुकडा राखायचा, खड्डे बुजवायचे, पावसाळ्यात चर काढायचे. माझ्या तुकड्यावरून वराती गेल्या, मयती गेल्या, चोरही गेले असतील. पोटुशी बाई कुठं चाललीय आणि कशाला, हे विचारायला मला कुणी उभं केलं नव्हतं. केलं असतं तर फावडं टाकून घरी गेलो असतो.

ताईचं जर्मनीचं तिकीट आधीच काढलेलं होतं. आम्हा बौद्धांत माणूस गेल्यावर वर्षानं पुण्यानुमोदन करतात, म्हणजे आठवणीचा कार्यक्रम. हिच्या कार्यक्रमाला ती येणारच होती. मी म्हणालो, "तिकीट अलीकडं ओढ आणि ये. इथं बघू." जावई विमानतळापर्यंत सोडायला गेला नाही. दारातून टॅक्सीत बसवलं. मला फार राग आला. अजून थोडा आहे.

मला वाटलं होतं, जर्मनीत आली की काम झालं. तसं नाही. राहुलनं पहिल्यांदा जवळच्याच एका गावातल्या हॉस्पिटलात नेलं, ते चर्चचं निघालं. डॉक्टर सभ्य माणूस. ताईला खुर्ची दिली, स्वतः परत सोनोग्राफी केली, निदान बरोबर आहे म्हणाला. मग म्हणाला, "आमच्या हॉस्पिटलमध्ये हे केलं जात नाही."

ताई बाहेर बाकावर येऊन बसली. "इथंही तेच, बाबा."

"तेच नाही," सूनबाई म्हणाली. "इथं तो फक्त नाही म्हणाला. आपण दुसरीकडं गेलो तर आपल्या मागं कुणी येणार नाही."

"गेनाऊ," राहुल म्हणाला. तो पटलं की जर्मनमध्येच 'बरोबर' म्हणतो. "उद्या नदीपलीकडं जाऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही माइन्त्सची गाडी धरली. मध्ये ऱ्हाईन नदी लागते. पुलावर राहुल सहज म्हणाला, "बाबा, राज्य बदललं." मी उठून उभा राहिलो. खाली पाणी, त्यावर एक लांबलचक मालाची बोट. नाका नाही, शिपाई नाही. एक तिकीट तपासणारी बाई आली. तिनं तिकिटं बघितली, ताईच्या पोटाकडं बघितलं आणि समोरच्या माणसाला बॅग उचलायला लावून म्हणाली, पाय लांब करा. बास. मी खाली बसलो तर ताई माझ्याकडंच बघत होती.

पण इथंही मोकळं रान नाही, हे बायांनो समजून घ्या. सुरुवातीचे महिने उलटले की 'मेडिकल इंडिकेशन' लागतं, म्हणजे पुढं दिवस नेले तर बाईच्या शरीराला किंवा मनाला धोका आहे असं डॉक्टरनं लेखी द्यायचं. बाळात दोष आहे एवढ्यावर देत नाहीत. तिथल्या डॉक्टर बाई इंग्रजीत ताईला म्हणाल्या, "तुमच्या बाळासाठी मी काही करू शकत नाही, याचं मला वाईट वाटतं. तुमच्यासाठी करू शकते. तुम्हाला काय हवंय ते तुम्ही सांगा. वडिलांनी नको, भावानं नको." आणि आम्हा दोघांना बाहेर काढलं. बरं केलं.

मग म्हणाल्या, निदान सांगितल्यावर तीन दिवस थांबावं लागतं, विचार करायला. मी राहुलला म्हणालो, "यांना विचार, एवढा समुद्र ओलांडून आली ती काय विमानात झोपली होती?" राहुलनं ते त्यांना सांगितलं नाही. समुपदेशन करणारी एक बाई मात्र भली होती. बाळ बघता येतं, हातात घेता येतं, मातीही देता येते, हे आम्हाला तिच्याकडून कळलं.

त्या थांबण्याच्या दिवसांतच हिचा कार्यक्रम आला. जावयाचा फोन आला होता, "पपा, कुणाला काही कळू देऊ नका. इथं बातमी यायला वेळ लागत नाही. बाळ आपोआप गेलं म्हणायचं." मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही.

फ्रँकफर्टकडची पाचसहा घरं आली. हॅनोव्हरहून एका पोराची आई आली होती, तिला सगळे मावशी म्हणतात. हिच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली, त्रिसरण-पंचशील झालं. आणि वंदना संपते न संपते तोच मावशींनी पिशवीतून हिरवी साडी आणि बांगड्या काढल्या. ओटीबिटी आपल्यात करू नये म्हणतात, पण बायका ऐकतात होय. लेकीला दिवस गेलेत हे मीच मोठ्या तोंडानं सगळ्यांना सांगून बसलो होतो.

ताईनं बांगड्यांवर हात ठेवला. "मावशी, राहू द्या. बाळ जगणार नाही. मी या आठवड्यात हॉस्पिटलात जाणार आहे, आपणहून. आपोआप काही झालेलं नाही."

मग एक शिकलेले गृहस्थ खाली बघत म्हणाले, "आत्ताच आपण पहिलं शील म्हटलं. प्राणिहत्येपासून दूर राहीन."

मी म्हणालो, "साहेब, तुम्ही म्हटलंत ना, मग तुम्ही राहा. माझ्या पोरीच्या पोटावर तुम्ही कायदा करू नका. तसला कायदा करणारे तिकडं पुष्कळ आहेत, त्यांच्यातूनच ती निघून आलीय."

"माझा तसा अर्थ नव्हता."

"मग जेवायला बसा."

मावशींनी साडी पिशवीत घातली, ताटात वरणभात कालवला आणि ताईसमोर मांडी घातली. "खा. उपाशीपोटी कसली दुःखं करतेस? आणि तुझा बाप बोलला ते बरं झालं, नाहीतर मी बोलले असते आणि माझं तोंड याच्याहून वाईट आहे." ताई हसली आणि मग रडली. गृहस्थ जेवून गेले. जाताना वरण चांगलं झालंय म्हणाले.

आता ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी. आधी एक गोळी देतात, तिनं शरीराचं गर्भ धरून ठेवायचं काम थांबतं. मग घरी पाठवतात. परत गेल्यावर इंडक्शन करतात, म्हणजे औषधानं कळा आणतात. कळा खऱ्या असतात. वेदनेचं औषध मागा, लाजू नका. जवळ आपलं माणूस ठेवा. ताईजवळ सूनबाई होती, मी बाहेर होतो. जावई फोनच्या पडद्यावर होता, सगळा वेळ.

मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. सुईणीनं तिला विणलेल्या टोपीत गुंडाळून आणलं, पावलांचे ठसे घेतले. मलाही दिली हातात. नाक हिच्यासारखं होतं. इथल्या स्मशानात अशा लेकरांसाठी वेगळी जागा आहे. तिथं ठेवली.

आणि आणखी एक. दूध येतं. हे आधी कुणी सांगत नाही म्हणून मी बाप असून लिहितो. बाळ नाही आणि छाती भरून येते, तेव्हा पोरी खचतात. त्याला गोळी असते, आधीच विचारून ठेवा.

ताई आता परत गेली. तिकडं जावई गाडी घेऊन विमानतळावर आला होता. त्या डॉक्टर बाईंचे, त्या सुईणीचे, माझ्या सुनेचे उपकार मी फेडू शकत नाही. ही असती तर तिनं कुणाला काय द्यायचं ते बरोबर ठरवलं असतं.

मागच्या आठवड्यात मावशींचा फोन आला. त्यांच्या नात्यातली एक पोर, तिकडच्याच बाजूच्या राज्यात, तसंच निदान. कुणी न्यायला तयार नाही. "भाऊ, तुमचा नंबर देऊ का?"

राहुल म्हणाला, "बाबा, आधी कायदा बघावा लागेल."

"तू बघ," मी म्हणालो. "तोवर मी तिच्याशी बोलतो."

पोरीचा फोन आला. म्हणाली, "काका, माझ्यामुळं तुमच्यावर काही आलं तर?"

"येऊ दे. माझ्याकडून नेणार काय? घर पोराचं, दात डॉक्टरचे. तू कधी निघतेस ते सांग."