नाइमाला बाहेर पाठवायचं नाही

आर्लिंडा संत्र्याची साल अखंड काढायची. मध्येच तुटली तर ते संत्रं दुसऱ्याला द्यायची. शेवटच्या थांब्यावर बस लावली की इंजिन बंद करून फोनवर गोष्टी वाचायची, आणि प्रवासी चढले तरी ओळ पुरी केल्याशिवाय मान वर करायची नाही. कॅफेत बसली की टेबलाखाली बूट काढायची. गोष्ट आवडली तर लिहिणारीला फोन करायची. नाही आवडली तर एवढंच विचारायची, "मग ती कुठे गेली?"

ती म्हणजे नाइमा.

बारेइरो गावातला आमचा बायकांचा गट एका मालिकेवरून जमला. जहाजावरची मालिका. एक कप्तान, त्याचा डॉक्टर मित्र, आणि सुकाणू धरणारी नाइमा. नाइमा काळी. मालिकेत कप्तान तिच्याशी लग्न करतो. मालिका संपली, पण आम्ही त्याच माणसांच्या गोष्टी लिहीत राहिलो, एकमेकींना वाचायला देत राहिलो. आमच्या गोष्टींत मात्र कप्तानाचं प्रेम डॉक्टरवर. दोघे गोरे, दोघे देखणे, दोघे दुःखी. त्यांना एकांत हवा. म्हणून पहिल्याच परिच्छेदात नाइमा सूप करायला जाते. किंवा पहाऱ्यावर. किंवा मरते, फार उदात्तपणे.

आर्लिंडाचे आईवडील आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवरून आलेले, नाइमासारखेच काळे. ती इथलीच. स्वतः एक ओळ लिहीत नसे, पण तिच्याइतकं वाचणारी आमच्यात कुणी नव्हती. कप्तान आणि डॉक्टर तिलाही आवडायचे. त्यांच्या निरोपाची एक गोष्ट वाचून ती बसमध्येच रडली होती. प्रवाशांना वाटलं, घरी कुणी गेलं.

नाताळात आमच्यात गोष्टींची देवाणघेवाण असते. चिठ्ठ्या काढायच्या. जिचं नाव येईल तिला हवी ती गोष्ट लिहून द्यायची. आर्लिंडाचं मागणं दरवर्षी तेच, नाइमा हवी आणि जिवंत हवी. दरवर्षी तिला जिवंत नाइमा मिळायची. पण ही नाइमा कप्तान आणि डॉक्टरचं जुळवून द्यायची आणि जाताना दार ओढून घ्यायची. आर्लिंडा रीतीप्रमाणे आभार मानायची.

गेल्या वर्षी चिठ्ठ्या काढायच्या आधी ती म्हणाली, "यंदा सगळ्यांना एकच अट. नाइमाला खोलीबाहेर पाठवायचं नाही. बाकी काय हवं ते करा."

गट सुरू केला तो झुल्मिरानं. ती निवृत्त शिक्षिका. ती म्हणाली, "अगं, खेळ आहे हा आपला. रविवारचा धर्मवर्ग नाही."

"मग खेळा ना. तिला घेऊन खेळा."

फाउस्ता औषधांच्या दुकानात असते. ती म्हणाली, "मला तिच्यात मी दिसत नाही गं. रंगाचं काही नाही त्यात. माझी वहिनीच अंगोलाची आहे."

"आणि दाढीवाल्या कप्तानात दिसतेस होय?"

सगळ्या हसल्या. फाउस्ताही हसली. मग हळूच म्हणाली, "बाई लिहायला घेतली ना, की ती माझ्या हातून भांडीच घासायला लागते. पुरुष लिहिले की मी सुटते."

आर्लिंडानं मान हलवली. "कळतं मला. पण तू सुटतेस आणि भांडी तिच्याकडे जातात."

"आणि नाही जमलं आम्हाला, तर?" झुल्मिरानं विचारलं.

"तर मी जाते. भांडण नाही काही. पुढच्या वर्षी एक चिठ्ठी कमी करा."

ती शांतपणे बोलली. तिला आमच्याशिवाय वाचायला दुसरं घर नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. अट मान्य झाली.

गोष्टी आल्या. एकाही गोष्टीत नाइमा खोलीबाहेर गेली नाही. फाउस्तानं तिला कोपऱ्यात गाढ झोपवलं. एका गोष्टीत तोफेच्या आवाजानं तिचे कान बसले. एकीत ती दारू पिऊन लवंडली. झुल्मिरानं तिला तापात बेशुद्ध पाडलं, आणि तिच्याच उशाशी बसून कप्तान आणि डॉक्टर एकमेकांपाशी मन मोकळं करत होते.

कुणी ठरवून केलं नव्हतं. सगळ्या गोष्टी एकत्र वाचल्या तेव्हा कळलं.

जानेवारीत, तीन राजांच्या सणाला आम्ही केक कापायला जमलो. आर्लिंडा हसत सुटली. "बेशुद्ध! झुल्मिरा, तू तर सरळ बेशुद्धच पाडलीस!"

झुल्मिराचा चेहरा पडला. "मला वाटलं, मी अट पाळली."

"पाळलीस की."

मग आर्लिंडानं बशी बाजूला सारली. केक तसाच राहिला. टेबलाखाली तिनं पायानं बूट शोधले, घातले. मला वाटलं, आता ही जाणार. फाउस्तानं तिचा कोट धरून ठेवला होता.

"सोड गं," आर्लिंडा म्हणाली. "झोपलीच आहे ना? मेली तर नाही? मग उठवता येईल. मीच उठवते."

आणि तिनं लिहायला घेतलं. शेवटच्या थांब्यावर, फोनवर. प्रत्येकीच्या गोष्टीला पुढचं एक पान. फाउस्ताच्या गोष्टीत नाइमा उठून म्हणाली, "मी सगळं ऐकलंय. सरका जरा, मला भूक लागलीय." त्यापुढचं पान फाउस्तानं लिहिलं. त्यात तिघं जेवतात आणि जेवण झाल्यावर नाइमा बसून राहते. फाउस्ता म्हणाली, ते एक वाक्य लिहायला मला आठवडा लागला.

फेब्रुवारीत, कामाची पाळी संपवून बस आगारात लावताना आर्लिंडाचं हृदय थांबलं. मी साहित्य शिकले आहे. मरणावर पुष्कळ वाचलं आहे. त्यातलं काही आठवत नाही.

झुल्मिराची गोष्ट तिनं शेवटी ठेवली होती. असला ताप किती दिवस राहतो, असं तिनं आदल्या दिवशीच फाउस्ताला विचारलं होतं. नाइमाला घाईनं उठवायचं नव्हतं तिला. आर्लिंडाच्या मुलीनं फोनमधलं ते पान आम्हाला पाठवलं. त्यात डॉक्टर बोलता बोलता थांबतो. नाइमाच्या कपाळावरचं फडकं उचलतो, पाण्यात बुडवतो, पिळतो.

एवढंच लिहून झालं होतं.